कॉक्लिअर इम्प्लांटचा क्लेम नाकारला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी श्रवणतज्ज्ञ आहे. कानाच्या तपासण्या करणं हे माझं काम, पण गेली काही वर्षं माझ्या टेबलावर ऑडिओग्रामइतकीच (श्रवणचाचणीच्या आलेखांइतकीच) विम्याची पत्रंही येऊन पडतात. नकाराचं पत्र घेऊन आलेले आईवडील, सासऱ्यांची फाइल घेऊन आलेली सून, सगळे थोड्याफार फरकाने हेच प्रश्न विचारतात. पॉलिसी-पॉलिसीत फरक असतो आणि देशादेशाचे नियमही वेगळे असतात, म्हणून मुदती आणि कलमं तुमच्या स्वतःच्या कागदावर ताडून पाहा.

नकाराचं पत्र आलं. सगळ्यात आधी काय करायचं?

पत्रातलं एक वाक्य शोधायचं. पत्र दोन पानांचं असलं तरी नकार त्यातल्या एकाच वाक्यावर उभा असतो: 'श्रवणयंत्रे वगळलेली आहेत', 'वैद्यकीय गरज सिद्ध होत नाही', 'उपचार प्रायोगिक स्वरूपाचा आहे', 'आजार आधीपासूनचा आहे', 'कागदपत्रे अपूर्ण'. त्या वाक्याखाली रेघ मारा. पुढचं सगळं भांडण त्या वाक्याशी आहे, कंपनीशी नाही. लोक चार पानं लिहितात, मुलाच्या भवितव्याबद्दल कळवळून लिहितात, आणि ज्या मुद्द्यावर अडलंय त्याला उत्तरच देत नाहीत. मग दुसरा नकारही त्याच शब्दांत येतो.

दुसरं काम म्हणजे पॉलिसीची पूर्ण प्रत मागवणं. चकचकीत माहितीपत्रक नव्हे, अटी-शर्तींचा तो बारीक अक्षरांतला संच. पत्रात ज्या कलमाचा हवाला दिलाय ते कलम त्यात शब्दशः तसंच आहे का ते बघा. कधी कधी नसतं.

तिसरं, अपिलाची शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहा. मुदत कुठल्या तारखेपासून मोजतात, पत्रावरच्या की पत्र मिळाल्याच्या, हेही बघून घ्या. पाकीट फेकू नका.

'श्रवणयंत्रे व तत्सम साधने समाविष्ट नाहीत' असं लिहिलंय. इम्प्लांट म्हणजे कानाचं मशीनच ना?

नाही. मी पाहिलेल्या फाइलींत सगळ्यात जास्त क्लेम याच गैरसमजावर अडकलेत, आणि बोलताना आपणही 'मशीन बसवायचंय' म्हणत तो वाढवतो.

श्रवणयंत्र आवाज मोठा करतं आणि कानात सोडतं. पुढचं काम कानालाच करायचं असतं. कॉक्लिआतल्या, म्हणजे आतल्या कानातल्या शंखासारख्या भागातल्या, केशपेशी निकामी झाल्या असतील तर आवाज कितीही वाढवला तरी तो नसेपर्यंत पोचत नाही. इम्प्लांट या पेशींना वळसा घालून थेट श्रवण-नसेला विजेचे संकेत देतं. त्यासाठी पूर्ण भूल द्यावी लागते, कानामागचं हाड कोरावं लागतं आणि इलेक्ट्रोडची बारीक तार कॉक्लिआच्या आत सरकवावी लागते. बनावटीप्रमाणे तिच्यावर १२, १६ किंवा २२ इलेक्ट्रोड असतात. पेसमेकरला कोणी 'छातीचं मशीन' म्हणून वगळत नाही, त्याच न्यायाने हेही शरीरात बसवलेलं उपकरण आहे. अपिलात एक दाखला जरूर द्या: अमेरिकेची मेडिकेअर ही सरकारी विमा योजना नेहमीच्या श्रवणयंत्रांचा खर्च देत नाही, पण कॉक्लिअर इम्प्लांटला कृत्रिम अवयवाच्या वर्गात धरून त्याचा खर्च देते. दोन्ही गोष्टी एकच असत्या तर हा फरक राहिलाच नसता.

पण कंपनीला दोष देण्याआधी आपल्या बाजूचा अर्ज उघडून बघा. एका फाइलीत तीन महिने गेले होते. कारण सापडलं ते रुग्णालयाच्या काउंटरवर भरलेल्या फॉर्ममध्ये. 'उपचाराचे नाव' या रकान्यात कुणीतरी 'हिअरिंग एड / इम्प्लांट' असं टाइप केलं होतं. मधली ती तिरकी रेघ! संगणकाने पहिला शब्द उचलला आणि फाइल थेट वगळलेल्या बाबींत गेली. सर्जनच्या सहीने दुरुस्त फॉर्म गेला आणि क्लेम मंजूर झाला, अपीलसुद्धा करावं लागलं नाही. शस्त्रक्रियेचा कोड, उपकरणाचा कोड आणि निदानाचा कोड हे तिन्ही एकमेकांशी जुळतात का, हे बिलिंग विभागात बसून एकदा स्वतः बघाच.

उपचार 'प्रायोगिक' असल्याचं म्हणतात. याला काय उत्तर द्यायचं?

श्रवण-नसेला विजेनं चेतवण्याचा प्रयोग पॅरिसमध्ये १९५७ साली झाला होता. विल्यम हाउस यांनी १९६१ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरुवातीची इम्प्लांट बसवली आणि ग्रॅम क्लार्क यांनी १९७८ मध्ये मेलबर्नमध्ये अनेक इलेक्ट्रोडचं उपकरण बसवलं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मोठ्या माणसांसाठीची मंजुरी १९८४ ची आहे, २ वर्षांवरच्या मुलांसाठीची १९९० ची. पुढे वयाची अट २००० मध्ये १२ महिन्यांवर आली आणि २०२० मध्ये एका उपकरणासाठी ९ महिन्यांवर. तेव्हा 'प्रायोगिक' हा शब्द या शस्त्रक्रियेला चाळीस वर्षांपूर्वीच लागू पडेनासा झाला.

इतका इतिहास पत्रात ओतू नका, मंजुरीची दोन वर्षं दिली तरी पुरे. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे कंपनी नक्की कशाला प्रायोगिक म्हणते ते विचारा. बऱ्याचदा आक्षेप इम्प्लांटवर नसतो, रुग्णावर असतो: बाळ सातच महिन्यांचं आहे, किंवा एकच कान बहिरा आहे. एका कानाच्या बहिरेपणासाठी अमेरिकेत पहिली मंजुरी २०१९ मध्ये मिळाली, तीही ५ वर्षांवरच्या रुग्णांसाठी. अशा केसमध्ये सर्वसाधारण इतिहासाचा उपयोग नाही, त्या विशिष्ट मंजुरीचाच कागद लागतो.

'वैद्यकीय गरज सिद्ध होत नाही' म्हणजे काय? मुलाला ऐकूच येत नाही, अजून काय सिद्ध करायचं?

हा राग मला समजतो. पण तिकडे बसलेल्या परीक्षकाने तुमचं मूल पाहिलेलं नसतं, त्याच्यासमोर फाइल असते. आणि ऐकू येत नाही एवढ्याने गरज सिद्ध होत नाही. श्रवणयंत्र लावूनही पुरेसं ऐकू येत नाही, हे दाखवावं लागतं.

माझ्याकडे आलेला एक ऑडिओग्राम सांगते. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्या कानाच्या निळ्या फुल्या, सगळं आलेखावर ९० डेसिबलच्या रेघेखाली, म्हणजे त्याहून मोठाच आवाज ऐकू येणारं, अगदी स्वच्छ आलेख. पण सगळ्या खुणा उघड्या कानाच्या! यंत्र लावून घेतलेली एकही खूण नाही. परीक्षकाने लिहिलं होतं, 'श्रवणयंत्राचा लाभ तपासलेला नाही.' त्याचं चुकलं नव्हतं. आम्ही यंत्र लावून चाचणी केली, बोलणं समजण्याचे गुण काढले आणि पुन्हा पाठवलं.

मोठ्या माणसाच्या फाइलीत उघड्या कानाचा ऑडिओग्राम, यंत्र लावून वाक्यं किंवा शब्द ओळखण्याचे गुण, यंत्र किती काळ आणि दिवसाला किती तास वापरलं याची नोंद, आणि सीटी-एमआरआय एवढं तरी हवंच. बाळाच्या बाबतीत शब्द ओळखण्याचा प्रश्न येत नाही, म्हणून बेरा, ओएई, एएसएसआर (बाळाने काही न सांगताही यंत्राने श्रवण मोजणाऱ्या चाचण्या), यंत्र लावून आवाजाला दिलेला प्रतिसाद आणि वाचा-उपचार करणाऱ्यांचा अहवाल जोडतात. आजकालच्या यंत्रांत रोजच्या वापराचे तास आपोआप नोंदले जातात, तो छापील कागद मागून घ्या. 'आम्ही रोज लावतो' या वाक्यापेक्षा तो कागद जड पडतो.

निकष देशागणिक वेगळे आहेत आणि गेल्या काही वर्षांत ते सैल झालेत. इंग्लंडमध्ये २०१९ पासून, यंत्राविना दोन किंवा अधिक वारंवारतांवर ८० डेसिबलपेक्षा मोठाच आवाज ऐकू येत असेल आणि यंत्राचा पुरेसा फायदा होत नसेल, तर रुग्ण पात्र धरतात. मेडिकेअरची मर्यादा वाक्यं ओळखण्याच्या चाचणीत ४० टक्के गुण अशी होती, ती सप्टेंबर २०२२ मध्ये ६० टक्क्यांवर नेली. तुमच्या कंपनीचे निकष जुन्या आकड्यांवर अडकलेत का ते तपासा. निकषांची प्रत लेखी मागा.

बहिरेपण 'जन्मजात' किंवा 'आधीपासूनचं' म्हणून नाकारलं तर?

आधी पॉलिसीतली व्याख्या वाचा. जन्मजात आजार सरसकट वगळलेत, की ठरावीक काळानंतर सामावून घेतलेत, यावर सगळं अवलंबून आहे. दुसरं, लहानपणी लक्षात आलेलं प्रत्येक बहिरेपण जन्मापासूनचं नसतं. काही आनुवंशिक बहिरेपण नंतर वाढत जातं, काही संसर्गाने येतं. जन्मानंतरच्या तपासणीत बाळ 'पास' झालं असेल तर ती चिठ्ठी शोधा. बाळाच्या लसीकरणाच्या कार्डात ती घडी घालून ठेवलेली असते, अनेकांना आठवतही नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण ती माझ्याकडे दबक्या आवाजात मागितली जाते: 'मॅडम, तारीख जरा पुढची टाकता का?' नाही. खोटी तारीख सापडली तर नुसता क्लेम जात नाही, अख्खी पॉलिसी रद्द होऊ शकते.

एका कानाचं मंजूर झालं, दुसऱ्याचं 'अनावश्यक' म्हणून नाकारलं.

दोन कान हे सुटे भाग म्हणून दिलेले नाहीत. आवाज कुठून आला हे मेंदू दोन्ही कानांत पोचलेल्या आवाजातल्या सूक्ष्म फरकावरून ठरवतो, आणि गोंगाटात बोलणं समजायलाही दोन कानांची मदत होते. इंग्लंडच्या आरोग्यसेवेसाठीच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांतच पात्र मुलांना दोन्ही कानांत एकाच वेळी इम्प्लांट देण्याची शिफारस आहे. मोठ्या माणसांच्या बाबतीत हे तितकं सरळ नाही. त्याच सूचनांत प्रौढांना साधारणपणे एकच सुचवलंय, पण अंध असलेल्या किंवा दुसऱ्या अपंगत्वामुळे ऐकण्यावरच जास्त अवलंबून असलेल्या प्रौढांसाठी दोन्हींची मुभा आहे. तुमच्या रुग्णाची दृष्टी अधू असेल तर नेत्रतज्ज्ञाचा अहवाल फाइलीत हवाच.

आजोबांचं वय ऐंशी आहे. वयामुळे नाकारतात का?

उघडपणे कमी, आडून जास्त. 'अपेक्षित लाभ मर्यादित' असं लिहितात. भूल देण्यास हरकत नाही असं भूलतज्ज्ञाचं पत्र आणि आधी कित्येक वर्षं ऐकू येत होतं याचा पुरावा जोडा. ज्याने आयुष्यभर भाषा ऐकली आहे, त्याच्या मेंदूला इम्प्लांटचा आवाज जुळवून घ्यायला आधार असतो.

घाई करण्यासारखी वेळ कधी असते?

मेंदूज्वर! जिवाणूंमुळे झालेल्या मेंदूज्वरानंतर कॉक्लिआच्या आत हाड तयार होऊ लागतं, कधी कधी काही आठवड्यांतच. एकदा पोकळी भरली की इलेक्ट्रोड आत सरकत नाही. इथे सहा महिने श्रवणयंत्र वापरून बघण्याची अट लावणं म्हणजे शस्त्रक्रियेची वाटच बंद करणं. अर्जावर 'तातडीचे' असं ठळक लिहा, सीटी-एमआरआयच्या तारखा द्या आणि उशिरामुळे काय बिघडेल ते सर्जनकडून दोन ओळींत लिहून घ्या. तातडीच्या अपिलासाठी बऱ्याच ठिकाणी वेगळी, छोटी मुदत असते.

जन्मतः बहिऱ्या मुलाची घाई वेगळ्या प्रकारची. ऐकण्याशी संबंधित मेंदूचा भाग पहिल्या साडेतीन वर्षांत सगळ्यात चांगला घडतो, सात वर्षांनंतर तो सहसा तसा घडत नाही. दोन वर्षांच्या मुलाच्या फाइलीवर आठ महिने वाद घालणं कंपनीला साधी दिरंगाई वाटत असेल, मुलाच्या बाबतीत ती भरून न येणारी असते. पत्रात वय नेहमी महिन्यांत लिहा, परीक्षकालाही ते जाणवतं.

अपिलाचं पत्र कसं लिहायचं? एखादा नमुना?

एक पान. मी साधारण असं लिहायला सांगते:

'आपल्या अमुक तारखेच्या पत्रात "वैद्यकीय गरज सिद्ध होत नाही" या कारणास्तव दावा नाकारला आहे. रुग्णाचे वय १८ महिने आहे. बेरा चाचणीत दोन्ही कानांत ९० डेसिबलपर्यंत प्रतिसाद आढळलेला नाही (जोडपत्र १). श्रवणयंत्रे सहा महिने नियमित वापरूनही बोलण्याच्या आवाजास प्रतिसाद मिळत नाही (जोडपत्र २ व ३). एमआरआयमध्ये दोन्ही बाजूंच्या श्रवण-नसा दिसून येतात (जोडपत्र ४). यावरून पॉलिसीतील वैद्यकीय गरजेच्या व्याख्येतील अटी पूर्ण होतात. दावा मंजूर करावा. तसे शक्य नसल्यास कोणती अट अपूर्ण आहे हे कलमासह, आणि फाइल तपासणाऱ्या डॉक्टरांच्या विशेष विषयासह, लेखी कळवावे.'

शेवटच्या वाक्यात ताकद आहे. अस्थिरोगतज्ज्ञाने कानाची फाइल तपासल्याचं मी पाहिलंय. एकदा विषय विचारला की पुढची तपासणी बहुधा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाते. सर्जनची चिठ्ठी वेगळी जोडा, पण 'इम्प्लांटचा सल्ला दिला आहे' एवढ्या एका ओळीची चिठ्ठी नको. कारणं लिहिलेली हवीत. सर्जन कामात बुडालेले असतात, मसुदा आपणच करून न्यावा. आम्ही तसंच करतो.

सर्जन थेट कंपनीच्या डॉक्टरांशी बोलू शकतात का?

बऱ्याच कंपन्यांत ती सोय असते आणि ती वापरलीच जात नाही. दहा मिनिटांच्या बोलण्यात तीन पत्रांचं काम होतं. फक्त बोलताना सर्जनसमोर फाइल उघडी हवी.

फोनवर 'होऊन जाईल' म्हणाले होते.

फोनला किंमत नाही. वही ठेवा: तारीख, वेळ, समोरच्याचं नाव, तक्रार क्रमांक, काय म्हणाले. फोन ठेवल्यावर लगेच तेच सगळं ईमेलने पाठवा, 'आपल्या आजच्या बोलण्यानुसार' अशी सुरुवात करून. मूळ कागद कुठेही देऊ नका.

आत्ता स्वतःच्या पैशाने ऑपरेशन करून मग क्लेमसाठी भांडलं तर?

पूर्वमंजुरी बंधनकारक असेल तर हा मार्ग धोक्याचा, कारण मंजुरी न घेता केलं एवढ्याच कारणावर पुढे नकार येऊ शकतो. वैद्यकीय घाई असेल तर थांबूही नये. पण आधी कंपनीला लेखी कळवा की अपील प्रलंबित असताना अमुक वैद्यकीय कारणासाठी शस्त्रक्रिया करत आहोत आणि परताव्याचा हक्क राखून ठेवत आहोत. उपकरणाचं बिल, त्यावरचा अनुक्रमांक आणि खोक्यावरचं स्टिकर जपा. स्टिकर नसल्याने परतावा अडल्याचं पाहिलंय.

ऑपरेशन मंजूर झालं, पण बाहेरचा प्रोसेसर आणि मॅपिंग नाकारलं.

बाहेरच्या प्रोसेसरशिवाय, म्हणजे आवाज टिपून आत पाठवणाऱ्या भागाशिवाय, आतला भाग नुसता पडून राहतो, त्याला ना आवाज मिळतो ना वीज. मंजुरीपत्रात 'संपूर्ण प्रणाली' असे शब्द आहेत का ते शस्त्रक्रियेच्या आधीच बघा. स्विच-ऑन, म्हणजे उपकरण पहिल्यांदा सुरू करणं, शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी होतं, म्हणून ते 'रुग्णालयातून सुटल्यानंतरचा खर्च' ठरून गळतं. मॅपिंग (रुग्णाला सोसेल तसे विजेचे संकेत जुळवणं) आणि वाचा-उपचार यांची वेगळी मंजुरी आधीच मागून ठेवावी. बॅटऱ्या, केबल, कॉइल यांचे पैसे बहुतेक ठिकाणी मिळत नाहीत, त्यावर फार शक्ती खर्च करू नका. प्रोसेसर हरवण्याचा विमा मात्र वेगळा घेता येतो. लहान मुलं तो कुठेही काढून टाकतात. एकीने चपलांच्या कपाटात टाकला होता.

अपीलही फेटाळलं. संपलं?

नाही. कंपनीच्या आतला दुसरा टप्पा, मग बाहेरचा स्वतंत्र परीक्षक किंवा विमा लोकपाल, मग ग्राहक न्यायालय, अशी वाट अनेक देशांत आहे. नावं वेगवेगळी असतात. लोकपालाकडे जाताना नवा मुद्दा काढू नका, तोच एक मुद्दा कागदांनिशी न्या. वकील लागतोच असं नाही.

नोकरीतून मिळालेली सामूहिक पॉलिसी असेल तर आणखी एक दार आहे. वगळलेल्या बाबी मालकाने कंपनीशी ठरवलेल्या असतात, आणि एखाद्या केससाठी अपवाद करण्याची विनंती मालक करू शकतो. मनुष्यबळ विभागाला भेटा. तिथे मात्र मुलाचा फोटो न्यायला हरकत नाही.

नकार बरोबरच असेल तर?

असूही शकतो. श्रवण-नसच नसेल तर इम्प्लांटचा फायदा होण्याची शक्यता फार कमी असते. श्रवणयंत्र नीट वापरूनच पाहिलं नसेल तर आधी ते करायला हवं. आणि कलमात 'कॉक्लिअर इम्प्लांट' असे शब्दच स्पष्ट वगळलेले असतील तर अपिलात महिने घालवण्यापेक्षा सरकारी योजना, रुग्णालयाचा सहाय्य निधी, धर्मादाय संस्था यांच्याकडे त्याच दिवशी अर्ज करावा. दोन्ही वाटा एकदम धरल्या तरी चालतं.

सगळं मंजूर झालं. फाइल किती वर्षं ठेवायची?

इम्प्लांट आहे तोवर. आतला भाग क्वचित बंद पडतो, आणि मग तो काढून नवा बसवण्याचा दुसरा क्लेम उभा राहतो. त्या वेळी पहिल्या मंजुरीचं पत्र, उपकरणाचा अनुक्रमांक, उत्पादकाच्या हमीचा कागद आणि सगळे मॅपिंग अहवाल लागतात. मॅपिंगच्या वेळी काढलेले बोलणं समजण्याचे गुण हळूहळू घसरत गेल्याचं दाखवता आलं तर 'उपकरण बिघडलं' हे सिद्ध करणं सोपं जातं. आतल्या भागावर बहुधा १० वर्षांची हमी असते, म्हणजे उपकरणाचा खर्च उत्पादकाकडे आणि शस्त्रक्रियेचा विमा कंपनीकडे, असे दोन वेगळे अर्ज करावे लागतात. इम्प्लांटचं ओळखपत्र रुग्णाच्या पाकिटात ठेवा आणि त्याचा फोटो घरच्या दोघांच्या फोनमध्ये. पुढे कधी एमआरआयची वेळ आली तर आत कुठलं मॉडेल आणि कसलं चुंबक आहे, हे तंत्रज्ञ सगळ्यात आधी विचारतात.